मिनिटाला साठ शब्द, पण अर्थ किती?

ग्रामीण भारतात तिसरीत शिकणाऱ्या १०० मुलांपैकी २७ मुलांना दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट सलग वाचता येते. पाचवीत हा आकडा ४९ वर जातो आणि आठवीत ७१ वर. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या फेरीतले हे आकडे आहेत. स्वयंसेवकांनी ६०५ जिल्ह्यांतल्या १७,९९७ गावांत घरोघरी जाऊन ही माहिती गोळा केली. अहवाल आला की आकडा वर गेला की खाली, यावर चर्चा रंगते. मूल मोठ्याने वाचते तेव्हा ही चाचणी नेमके काय मोजते, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

चाचणी साधी आहे. तिच्या चढत्या पायऱ्या चार: अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल ज्या सर्वांत वरच्या पायरीवरचा मजकूर सहज वाचते तो त्याचा स्तर. गोष्टीत काय घडले, का घडले, हे विचारलेले नसते. लाखो मुलांपर्यंत पोहोचणाऱ्या पाहणीसाठी अशी सुटसुटीत चाचणी लागतेच, त्यामुळे हा तिचा दोष म्हणता येणार नाही. चूक होते ती पुढे, जेव्हा प्रकट वाचनाचा आकडा आपण आकलनाचा आकडा समजून बसतो.

तीन इयत्ता, तीन पाहण्या

दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी मुले, सरकारी आणि खासगी शाळा मिळून, टक्क्यांत:

तिसरी: २०१८ मध्ये २७.३, २०२२ मध्ये २०.५, २०२४ मध्ये २७.१
पाचवी: २०१८ मध्ये ५०.५, २०२२ मध्ये ४२.८, २०२४ मध्ये ४८.८
आठवी: २०१८ मध्ये सुमारे ७३, २०२२ मध्ये ६९.६, २०२४ मध्ये ७१.१

आडवे वाचले तर करोनाकाळातली घसरण आणि नंतरची भरपाई दिसते. तिरके वाचले तर वेगळी गोष्ट कळते. २०२२ मध्ये तिसरीत असलेली पिढी २०२४ मध्ये पाचवीत होती. दोन वर्षांत ती २०.५ वरून ४८.८ वर आली, म्हणजे मुले शिकत होती. तरीही प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षी निम्म्याहून अधिक मुलांना तीन इयत्ता खालची गोष्ट सलग वाचता येत नव्हती. पाचवीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक त्यांच्या हातात होते, पण ते स्वतः वाचून शिकणे त्यांच्या आवाक्याबाहेर होते.

वाचले आणि कळले, यांतली गळती

वाचन आणि अर्थ वेगवेगळे मोजले की काय होते, याची झलक ‘असर’च्याच २०२३ च्या पाहणीत मिळते. २८ जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयोगटातल्या ३४,७४५ मुलामुलींना तेव्हा इंग्रजी वाक्ये वाचायला दिली होती. ५७.३ टक्के जणांनी ती वाचली. वाचणाऱ्यांपैकी ७३.५ टक्के जणांना अर्थ सांगता आला. गुणाकार केला तर १०० पैकी ५७ जणांनी वाचले आणि ४२ जणांना कळले. मधले १५ जण प्रकट वाचनाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले असते.

इंग्रजी परकी भाषा आहे, गळती व्हायचीच, असे म्हणून हे झटकून टाकता येत नाही. त्याच पाहणीत ओआरएसच्या पाकिटावरच्या सूचना वाचून चार प्रश्नांची उत्तरे द्यायची होती. निदान पहिलीच्या पातळीचा मजकूर वाचता येणाऱ्यांनाच हे काम दिले होते. त्यांपैकी सुमारे ६५ टक्के जणांची तीन किंवा अधिक उत्तरे बरोबर आली. उरलेल्या एक तृतीयांश मुलांना वाचता येत होते, पण जुलाब झालेल्या भावंडासाठी पाकिटावरून पुरेशी माहिती काढणे त्यांना जमले नाही.

बेरीज नव्हे, गुणाकार

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये या गळतीचे सूत्र मांडले: वाचून समजणे म्हणजे लिपी उकलणे गुणिले ऐकून समजणे. मधले चिन्ह महत्त्वाचे आहे. एखादे मूल लिपी ०.९ इतकी उकलते, पण पुस्तकाची भाषा त्याला ऐकूनही निम्मीच कळते, असे समजू. त्याचे आकलन ०.९ × ०.५, म्हणजे ०.४५ होईल. लिपीवर कितीही मेहनत घेतली तरी हा आकडा ०.५ च्या पुढे सरकणार नाही, कारण दुसरी बाजू तेवढीच राहिली. उलट भाषा उत्तम कळणाऱ्या मुलाची लिपी शून्य असेल तर गुणाकारही शून्यच.

महाराष्ट्रात हे सूत्र सगळ्यात स्पष्ट दिसते ते घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा वेगळ्या असतात तिथे. वारली बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा दोन्ही आघाड्यांवर नवखे असते. भारतीय भाषांतल्या साक्षरतेचा एक दीर्घ अभ्यास २०११ ते २०१६ या काळात पालघरच्या वाडा तालुक्यात मराठीसाठी आणि कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात कन्नडसाठी झाला. वर्गातला बराचसा वेळ अक्षरे, बाराखडी आणि शिक्षकांमागे एका सुरात म्हणण्यात जातो, अर्थापर्यंत पोहोचण्याचे काम मागे पडते, असे चित्र त्यातून पुढे आले.

अक्षरांना वेळ लागतो हेही खरे. इंग्रजीत २६ अक्षरे आहेत. आपल्याकडे प्रत्येक व्यंजनाची बाराखडी, त्यावर जोडाक्षरे आणि रफारही. सोनाली नाग यांच्या २००७ च्या कन्नड वाचनावरील अभ्यासानुसार सगळी अक्षररूपे आत्मसात व्हायला प्राथमिकची अनेक वर्षे लागतात. पण म्हणूनच ‘आधी सगळी अक्षरे, मग अर्थ’ हा क्रम परवडत नाही. चौथीपर्यंत अर्थ थांबवून ठेवला तर तोवर पुस्तकाची भाषा फार पुढे गेलेली असते.

घड्याळ लावले की काय होते

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत, असे उद्दिष्ट आहे. वेगाला कारण आहे. बारा शब्दांचे वाक्य या वेगाने १२ सेकंदांत संपते. मिनिटाला १५ शब्द वाचणाऱ्याला तेच वाक्य ४८ सेकंद पुरते, आणि क्रियापदापर्यंत येईतो कर्ता कोण होता हे विसरायला होते. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने ही अडचण आणखी जाणवते.

उद्दिष्टातले दोन भाग मात्र सारखे मोजले जात नाहीत. ६० शब्द घड्याळ सांगते. ‘अर्थासह’ कोण सांगणार? खालचा उतारा पाहा.

सखू धावत घरी आली. तिने दोरीवरचे कपडे भराभर ओढले. आजीने अंगणातल्या मिरच्या सुपात भरल्या. तेवढ्यात पत्र्यावर टपटप आवाज सुरू झाला.

वाक्ये चार, शब्द वीस. ‘निपुण’ वेगाने २० सेकंदांचे काम. ‘पाऊस’ हा शब्द यात एकदाही आलेला नाही, तरी उतारा पावसाचाच आहे. ‘कपडे कुठून ओढले?’ या प्रश्नाचे उत्तर ज्याला काहीच कळले नाही तेही मूल देईल. दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवले की झाले. ‘सखू का धावली?’ यासाठी चारही वाक्ये एकत्र धरून स्वतःच्या अनुभवातला पाऊस आणावा लागतो. आपल्या स्वाध्यायांत एका वाक्यात उत्तरे, गाळलेल्या जागा आणि ‘असे कोण कोणास म्हणाले?’ यांची गर्दी असते, आणि ते बहुतेक बोट ठेवण्याचे प्रश्न आहेत.

चौथीच्या मुलांचे वाचन तपासणाऱ्या ‘पर्ल्स’ या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०२१ च्या आराखड्याशी ही विभागणी ताडून पाहावी. भारत या चाचणीत सहभागी नाही, पण तिचे प्रमाण उपयोगी आहे. मजकुरात थेट असलेली माहिती शोधणे २० टक्के, सरळ अनुमान ३० टक्के, अर्थ लावणे आणि जोडणे ३० टक्के, मजकुराचे मूल्यमापन २० टक्के. थोडक्यात, दर पाच प्रश्नांत चार प्रश्न बोट ठेवण्यापलीकडचे.

तपासतात सगळे, शिकवत कोणी नाही

चांगले प्रश्न विचारणे म्हणजे आकलन शिकवणे, असेही नाही. अमेरिकेत डोलोरेस डर्किन यांनी १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चौथीच्या वर्गांतल्या वाचनाच्या ४,४६९ मिनिटांचे निरीक्षण नोंदवले होते. त्यातली आकलन शिकवण्याची मिनिटे होती २०, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. शिक्षक प्रश्न विचारत होते, उत्तरे बरोबर की चूक हे सांगत होते, कामपत्रिका देत होते. उत्तर कसे शोधायचे, हे मात्र दाखवले जात नव्हते. पोहायला न शिकवता कोण बुडते याची नोंद ठेवण्यासारखाच हा प्रकार.

शिकवायचे तर काय, याचे एक नेमके उत्तर ॲनमरी पालिन्सार आणि ॲन ब्राउन यांनी १९८४ मध्ये दिले. छोट्या गटात मजकूर वाचताना चार कामे: पुढे काय होईल याचे भाकीत, आपणच प्रश्न विचारणे, अडलेले उलगडणे आणि थोडक्यात सांगणे. आधी शिक्षक मोठ्याने विचार करून दाखवतात (“टपटप आवाज म्हणजे काय असेल? कपडे का काढले असतील?”), मग एकेक मूल गटाचा शिक्षक होते.

पण याच तंत्रांचा अतिरेकही व्यर्थ आहे. मोजक्या तासिकांत जो फायदा होतो तो पन्नास तासिकांनी फारसा वाढत नाही, याकडे डॅनियल विलिंगहॅम यांनी २००६ मध्ये लक्ष वेधले. मग उरलेला वेळ कशाला द्यायचा?

गुणाकाराची दुसरी बाजू

त्याचे उत्तर डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांच्या १९८८ च्या प्रयोगात आहे. सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला होता. वाचनात कच्ची पण बेसबॉलची माहिती असलेली मुले वाचनात हुशार पण खेळ न समजणाऱ्या मुलांच्या बरीच पुढे गेली. मजकूर ज्या जगाबद्दल आहे ते जग माहीत असेल तर अर्थ लवकर हाती लागतो. शब्दांचेही तसेच. २००० मध्ये हू आणि नेशन यांनी इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांवर केलेल्या अभ्यासात, कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायला मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, असे आढळले. प्रौढांचा आकडा मुलांना जसाच्या तसा लावता येत नाही, पण अंदाज येतो. आपल्या वीस शब्दांच्या उताऱ्यात एक शब्द अडला तरी प्रमाण ९५ वर येते.

लिपीची बाजू तुलनेने लवकर सावरता येते. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या उत्तर प्रदेशातल्या २०१३-१४ च्या वाचन शिबिरांमध्ये परिच्छेद किंवा गोष्ट वाचू शकणारी मुले १५ टक्के होती. एकूण ५० दिवसांच्या शिबिरांनंतर ती ४९ टक्के झाली. शिबिर नसलेल्या शाळांत हे प्रमाण २४ टक्क्यांवर थांबले. शब्द आणि जगाची माहिती मात्र ५० दिवसांत येत नाही. ती वर्षानुवर्षे साचते, आणि सुरुवातीला कानातून येते. टॉमस स्टिच्ट आणि जेम्स यांच्या १९८४ च्या मांडणीनुसार मुलांचे ऐकून समजणे साधारण आठवीपर्यंत वाचून समजण्याच्या पुढे असते. म्हणून तिसरीतल्या मुलाला स्वतः वाचता येणार नाही असे पुस्तक शिक्षकांनी मोठ्याने वाचून दाखवणे, त्यावर मुलांच्या घरच्या भाषेतही बोलू देणे, हा फावल्या वेळातला विरंगुळा समजू नये. तो आकलनाचाच पाठ आहे. पुस्तकांची सबबही आता पूर्वीइतकी उरलेली नाही. ‘प्रथम बुक्स’च्या २०१५ पासूनच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी मोफत आहेत.

वेळेचा हिशेब मांडू. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवे. रोज दहा मिनिटे वाचून दाखवून अर्थावर बोलले, तर वर्षाला २,००० मिनिटे, म्हणजे ३३ तास २० मिनिटे होतात. एकूण वेळेच्या जेमतेम चार टक्के. डर्किन यांच्या वर्गांत वाचनाच्या वेळेतलाही अर्धा टक्का आकलन शिकवण्याला मिळत नव्हता. या दहा मिनिटांसाठी अभ्यासक्रमातला एकही पाठ वगळावा लागत नाही.

मोजणीही शाळेतच सुरू करता येते. पुढच्या घटक चाचणीची प्रश्नपत्रिका काढताना शिक्षकांनी प्रत्येक प्रश्नासमोर लिहावे: बोट ठेवण्याचा, अनुमानाचा, जोडण्याचा की मत देण्याचा. पहिल्या प्रकारचे प्रश्न पाचांत एकापेक्षा जास्त भरले, तर प्रश्नपत्रिका बदलावी, आणि बदललेले प्रश्न कसे सोडवायचे हे परीक्षेआधी फळ्यावर करून दाखवावे.