कमरेची वीतभर सुरी

फिनलंडमध्ये कुणी नोकरीतून निवृत्त झाले, कुणाला पन्नास वर्षे पुरी झाली, की त्याला सुरी भेट देण्याची जुनी रीत आहे. पात्यावर नाव कोरलेले, मूठ बर्चच्या लाकडाची, सोबत चामड्याचे म्यान. आपल्याकडे सुरी-कात्री भेट देऊ नये, संबंध तुटतात असे मानतात. तिथे मात्र ही भेट मानाची, आणि देणाऱ्याचा घेणाऱ्यावर असलेला विश्वास सांगणारी.

या सुरीचे नाव पूक्को. शेतकरी, लाकूडतोडे, मच्छीमार, रेनडिअर पाळणारे, सुतार यांच्या कितीतरी पिढ्या ती कमरेला लावूनच वावरल्या. रोज जवळ बाळगायची, न मिटणारी लहान सुरी किती कामाची असते हे समजून घ्यायचे, तर पूक्कोसारखा दाखला नाही. मला तिच्याबद्दल मुख्यतः एकच सांगायचे आहे : तिची सारी उपयुक्तता तिच्या लहानपणातून आलेली आहे. काम करणाऱ्या हातांनी नको ते काढून टाकत टाकत तिला या मापाला आणले.

मूठ, पाते, म्यान

पूक्कोचे पाते साधारण ७ ते १० सेंटीमीटर लांब आणि ३ मिलिमीटरच्या आसपास जाड असते. धार एकाच अंगाला, पाठ बहुधा सरळ. मूठ तळहातात मावेल एवढी. सगळी मिळून वीतभर लांबी.

खंजिराला पाते आणि मूठ यांच्यामध्ये आडवी पट्टी असते. भोसकताना हात पात्यावर घसरू नये, मुख्यतः यासाठी ती असते. पारंपरिक पूक्कोला ती नसते, कारण तिचा जन्म तासण्यासाठी झाला आहे. तासताना बोटे धारेच्या अगदी मुळाशी न्यावी लागतात, कधी अंगठा पात्याच्या पाठीवर टेकवावा लागतो. धार मुठीला जितकी लागून, तितका हाताचा जोर कामी येतो. मध्ये पट्टी आली तर तो सगळा जोर वाया जाईल. शस्त्र आणि अवजार यांतला फरक या एका जागी डोळ्यांना दिसतो.

मुठीची घडण थंडीने ठरवली आहे. रोवानिएमी हे शहर आर्क्टिक वृत्ताला लागून आहे. तिथे हिवाळ्यात पारा उणे २० अंशांच्याही खाली जातो. अशा थंडीत उघड्या धातूला बोट लागले की कातडी त्याला चिकटते. म्हणून पात्याची मागची निमुळती दांडी लाकडी मुठीच्या पोटात दडवतात. काही मुठी बर्चच्या सालीच्या चकत्या एकमेकींवर दाबून बसवून केलेल्या असतात. अशी मूठ पाण्याने भिजली, माशाच्या चिकट्याने माखली, तरी हातातून निसटत नाही आणि गारही लागत नाही.

म्यानही तितकेच विचारपूर्वक केलेले. ओले चामडे सुरीच्या आकारावर ताणून वाळवतात. पात्यासाठी आत लाकडाचे अस्तर असते. सुरी मुठीच्या मोठ्या भागासकट आत जाते आणि घट्ट बसते, त्यामुळे वेगळे बटण किंवा बंद लागत नाही. म्यान पट्ट्यापासून लोंबते, म्हणून बसता-वाकताना टोचत नाही. हातमोजा न काढता, एका हाताने सुरी बाहेर येते.

सांधा नसण्याचे बळ

मिटणारा चाकू खिशात मावतो, हा त्याचा मोठा गुण आहे. पण त्याला खीळ असते, स्प्रिंग असते, पाते अडकवणारी कळ असते. वाळू, खवले, फळाचा रस, चरबी हे सारे त्या फटीत जाऊन बसते. कळ नीट लागली नाही आणि जोर चुकीच्या बाजूने पडला, तर पाते बोटांवरच मिटते. न मिटणाऱ्या सुरीत हलणारा भागच नाही, त्यामुळे बिघडणारा भागही नाही. मासा साफ केल्यावर पेलाभर पाण्याने धुतली, फडक्याने पुसली, की ती सफरचंद कापायला तयार.

ही रचना किती जुनी आहे पाहा. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, आल्प्सच्या बर्फात ५,००० वर्षांहून जुना मानवी मृतदेह सापडला. तो ‘ओत्झी’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्याजवळ तांब्याच्या पात्याची कुऱ्हाड होती, धनुष्य होते, आणि एक लहान सुरीही होती. तिची लांबी सुमारे १३ सेंटीमीटर, पाते गारगोटीचे, मूठ लाकडाची, म्यान झाडाच्या सालीच्या धाग्यांनी विणलेले. डोंगर चढणाऱ्या माणसाने मोठी कुऱ्हाड असतानाही लहान सुरी जवळ ठेवली, कारण बारीक कामे कुऱ्हाडीने होत नाहीत. पुढे गारगोटीच्या जागी पोलाद आले. पाते, मूठ आणि म्यान ही त्रयी तशीच राहिली.

दिवसभराची कामे

पावसात भिजलेल्या जंगलातही फांदीचा गाभा पुष्कळदा कोरडा असतो. बाहेरचा ओला भाग काढून त्या गाभ्याचे पातळ कुरळे पापुद्रे सोलले, की शेकोटी पेटते. हे उत्तरेकडच्या सुरीचे पहिले काम. मग दोरी कापणे, भाकरी आणि मांस कापणे, मासा चिरणे, रानातली अळिंबी खुडून तिची माती खरवडणे, अवजाराला नवी खुंटी बसवणे, लाकडी चमचा कोरणे. यातल्या एकाही कामाला दहा सेंटीमीटरहून लांब पाते लागत नाही. उलट पाते लांबले की टोक हातापासून दूर जाते आणि बारीक कामातला ताबा सुटतो.

लहान पात्याने काय घडू शकते याचे एक उदाहरण फिनलंडमधलेच आहे. लाउरी रापाला हा गरीब मच्छीमार. दुबळा, वाकडातिकडा पोहणारा मासा मोठे मासे आधी पकडतात, हे त्याने पाहून ठेवले होते. १९३६ मध्ये त्याने बूट शिवणाऱ्याची सुरी आणि काचकागद घेऊन बुचातून तसा डुलणारा कृत्रिम मासा कोरला. चमक यावी म्हणून त्यावर चॉकलेटची चांदी लावली, आणि पाणी शिरू नये म्हणून छायाचित्रांच्या जुन्या फिती वितळवून वरून लेप दिला. पुढे रापाला हे नाव जगभरच्या गळ टाकणाऱ्यांच्या तोंडी झाले.

पूक्कोची खरी हुशारी मात्र धार लावताना कळते. तिच्या धारेचा उतार रुंद आणि सपाट असतो. पात्याच्या साधारण मध्यापासून तो थेट धारेपर्यंत येतो. दगडावर उतार टेकवला की कोन आपोआप साधतो, अंदाज करावा लागत नाही. त्यामुळे धारवाल्याची वाट न पाहता घरचे कुणीही तिला धार लावू शकते. हे महत्त्वाचे, कारण बोथट सुरी अधिक घातक असते. तिला जोर लावावा लागतो, आणि जोराने घसरलेले पाते कुठे जाईल याचा नेम नसतो.

गावे, कारखाने आणि शाळा

काउहावा या गावात इसाक्की यार्वेनपाने १८७९ मध्ये सुऱ्यांचा व्यवसाय सुरू केला. घोड्याच्या तोंडाची मूठ ही त्या गावची ओळख. रोवानिएमीत यान्ने मार्तीनीचा कारखाना १९२८ चा. शेजारच्या स्वीडनमध्ये मोरा गावाजवळच्या ओस्तनूरमध्ये १८९१ साली सुरू झालेल्या परंपरेतून आजची मोरा सुरी आली. ती स्वस्त आणि टिकाऊ म्हणून सुतारापासून गिर्यारोहकापर्यंत सगळ्यांच्या हाती दिसते.

पण मला कारखान्यांहून मोठी वाटते ती शाळेची गोष्ट. उनो सिग्नेउस या शिक्षणतज्ज्ञाच्या प्रयत्नांमुळे फिनलंडने १८६६ मध्ये लोकशाळांत हस्तकला हा रीतसर विषय केला. हाताला वळण लागले की बुद्धीलाही लागते, अशी त्यामागची धारणा होती. पुढे स्वीडनमधल्या नेस इथे ओटो सालोमोनने याच विचारावर शिक्षकांसाठी शाळा चालवली, आणि त्याच्या पद्धतीत मुलाच्या हाती सुरुवातीलाच येणारे अवजार सुरी होते.

या कथेला काळी बाजू आहे आणि ती लपवू नये. एकोणिसाव्या शतकात काउहावाच्याच परिसरात सुरेबाज गुंडांनी दहशत माजवली होती. आजही फिनलंडचा २००३ चा सार्वजनिक सुव्यवस्थेचा कायदा कामाशिवाय किंवा योग्य कारणाशिवाय सार्वजनिक जागी सुरी बाळगू देत नाही. मासेमारीला, रानात, कामावर जाताना सुरी चालते. शहरातल्या मद्यगृहात नाही. सुरीवर प्रेम करणाऱ्या देशानेच ही रेघ आखली, यात मला परिपक्वता दिसते.

आपल्या हातातली पाती

कमरेला पाते बाळगण्याची रीत आपल्यालाही परकी नाही. कोकणात आणि ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांवर पाठीमागे कमरेला लाकडी आकडी बांधून तिच्यात कोयता अडकवलेला माणूस आजही दिसतो. चांभाराची रापी, शेतातले खुरपे ही सगळी न मिटणारी, कामापुरती पाती. आंब्याचे कोय कलम करताना कोवळ्या रोपावर आणि काडीवर जुळणारे तिरके छेद घ्यावे लागतात. पाते लहान आणि लखलखीत धारेचे नसेल तर कलम जगत नाही. गावोगावचे लोहार आणि घिसाडी ट्रकच्या जुन्या पाट्यांच्या पोलादाला पाणी देऊन अशी अवजारे घडवत आले आहेत.

सुरी घ्यायची असेल तर पाते चार इंचांच्या आत असावे, मूठ ओल्या हातातही पक्की राहावी आणि म्यान उलटे धरून हलवले तरी सुरी पडू नये. पावसाळी कोकणात न गंजणारे पोलाद बरे. साध्या पोलादाला धार पटकन लागते, पण ते वापरल्यावर कोरडे करून तेलाचे बोट फिरवावे लागते. चामड्याच्या म्यानात सुरी महिनोन् महिने ठेवू नये. चामडे ओल धरते आणि पाते गंजते.

कायदाही माहीत असावा. शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे येतात. घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योग यांसाठी घडवलेली अवजारे त्यांतून वगळली आहेत. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असताना सुरी जवळ बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. विमानात हातातल्या सामानात आणि मेट्रोत सुरी नेऊ नये. सभा, मिरवणूक, गर्दी इथे ती घरीच ठेवावी. तिची जागा शेतावर, बागेत, स्वयंपाकघरात, कार्यशाळेत आणि पदभ्रमणाच्या पाठपिशवीत आहे.

आणि ती मुलांच्या हातीही जावी, मोठ्यांच्या नजरेखाली. नियम थोडेच आहेत. बसून कापायचे. पाते अंगापासून दूर चालवायचे. हात पसरल्यावर जिथवर पोचतो तिथवर दुसरे कुणी असू नये. देताना मूठ पुढे करायची. काम थांबले की सुरी म्यानात. या दिवाळीत आकाशकंदिलाच्या कामट्या बाजारातून तासलेल्या आणण्याऐवजी बांबूचा तुकडा आणावा आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून त्या तासायला शिकवावे. पहिल्या कामट्या जाड-बारीक होतील, कंदील थोडा कलेल. पण धारेला न घाबरता तिचा मान राखणे त्या दुपारी मूल शिकेल, आणि सुरी म्हटल्यावर त्याला गुन्ह्याच्या बातमीआधी आपल्या हातचे काम आठवेल.