डोकं नसलेली कोळंबी

बाजारात सोललेली कोळंबी तुम्ही पाहिली असेल. डोकं काढलेलं, नुसतं वाकडं शेपूट! कॅनडातल्या माउंट स्टीफन डोंगरावर अशाच कोळंब्या दगडात सापडत. डोकं मात्र एकीलाही नाही. १८९२ साली व्हाइटीव्ह्ज यांनी त्यांना नाव दिलं ॲनोमॅलोकॅरिस, म्हणजे ‘विचित्र कोळंबी’.

१९०९ मध्ये जवळच वॉलकॉट यांना बर्जेस शेलचे जीवाश्म मिळाले. त्यांत अननसाच्या चकतीसारखा एक गोल ठसा होता. वॉलकॉटना तो जेलीफिश वाटला. त्याचं नाव पेटोइया.

पुढे केंब्रिजचे हॅरी व्हिटिंग्टन एक बेढब जीवाश्म बारीक हत्याराने कोरत होते. वरचा थर निघाला आणि खालून काय निघावं? तीच ‘कोळंबी’, डोक्याला चिकटलेली! आणि तोंडाच्या जागी तो ‘जेलीफिश’! १९८५ मध्ये त्यांनी आणि डेरेक ब्रिग्ज यांनी कोडं सोडवलं. कोळंबी म्हणजे शिकार धरायचे हात आणि जेलीफिश म्हणजे तोंड. (ॲनोमॅलोकॅरिस आणि पेटोइया हे दोन वेगळे भाऊबंद, हे नंतर कळलं.) जवळजवळ शंभर वर्षं एकाच तऱ्हेच्या जनावराचे तुकडे वेगवेगळे प्राणी म्हणून कपाटात पडून होते!

पण दोस्तांनो, हा प्राणी कुणाचा नातेवाईक? खेकडा, कोळी, झुरळ हे सगळे संधिपाद. त्यांचे पाय सांध्यांचे आणि अंगावर कडक कवच. ॲनोमॅलोकॅरिसचे हात सांध्यांचे होते. डोळेही झुरळासारखे, अनेक भिंगांचे. ऑस्ट्रेलियातल्या एका जीवाश्मात २०११ साली एकेका डोळ्यात १६,००० तरी भिंगं आढळली! अंग मात्र मऊ. चालायला पाय नाहीत, कडेला पोहायचे पंखे. म्हणजे संधिपादांच्या वंशवृक्षावर ही फांदी बरीच आधी फुटली. डोळे आणि सांधे आधी आले, अंगभर कवच मागाहून.

मग मधला दुवा कुठे आहे? चीनमध्ये सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात काइलिंशिया मिळाली. पुढचे हात ॲनोमॅलोकॅरिससारखे, अंग मात्र खऱ्या संधिपादाचं! २०२० साली तिला पाच डोळे आहेत असं जाहीर झालं. २०२३ मध्ये क्ष-किरणांनी पुन्हा तपासलं, तर भरले तीनच. आणि गंमत म्हणजे तिच्या नावातल्या ‘शिया’ या चिनी शब्दाचा अर्थही कोळंबीच!