बाजाराला जाताना पिशवी घरून न्यावी

शेतकऱ्याच्या गोठ्यातील दुभती गाय चारा सोडून उभी राहिली, म्हणजे पहिली शंका पोटफुगीची येते. औषधोपचार होतो, चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच. रवंथ मंदावते, दूध आटते, डावी कूस फुगलेलीच राहते व जनावर दिवसेंदिवस खंगत जाते. अशा गाईचे कोटीपोट शस्त्रक्रियेने उघडले असता पुष्कळदा आतून प्लास्टिकच्या पिशव्यांचा व दोऱ्यांचा घट्ट गोळा निघतो. शस्त्रक्रियेस उशीर झाला, तर गाय हातची जाते.

असे का होते, हे समजून घेणे जरूर आहे. गाईला पुढचे वरचे दात नसतात. ती जिभेने घास ओढून घेते आणि फारसा न चावता गिळते. उकिरड्यावर पिशवीत बांधून टाकलेल्या शिळ्या अन्नाचा व भाजीच्या देठांचा वास तिला येतो; पण पिशवीची गाठ तिला सोडता येत नाही. म्हणून अन्नाबरोबर पिशवीही पोटात जाते. कोटीपोटातील सूक्ष्म जीव कडब्यासारखे कठीण वैरणही कुजवून पचवितात. प्लास्टिकवर मात्र त्यांचा इलाज चालत नाही. जाळीपोटापुढील वाट अरुंद असल्याने पिशवी पुढेही सरकत नाही. ती तेथेच साठत राहते.

जमिनीचे नुकसान

जी पिशवी गाईच्या पोटी जात नाही, ती उकिरड्यातील खताबरोबर शेतात येते. पाला कुजतो, शेण कुजते, कापडाची चिंधीही कालांतराने मातीस मिळते. पॉलिथिन कुजत नाही. उन्हाने त्याचे तुकडे होतात आणि ते बारीक होत मातीत मिसळतात. तत्पूर्वी ते पावसाचे पाणी मुरण्यास अडथळा करतात, अंकुराची व मुळांची वाट अडवितात आणि कोळप्याच्या फासात गुंततात. एकदा मातीत मिसळलेले हे तुकडे वेचून काढणे जवळजवळ अशक्य असते. तेव्हा पिशवी शेतापर्यंत येऊच न देणे हाच खरा उपाय होय.

कायदा आणि सवय

पॉलिथिनचा शोध इंग्लंडमध्ये १९३३ साली लागला व आज सर्वत्र दिसणाऱ्या बंदांच्या पिशवीचे पेटंट स्वीडनमधील एका कारखान्याने १९६५ साली घेतले. म्हणजे ही पिशवी आपल्या आजोबांच्या बाजारहाटात नव्हती. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत महापूर आला, तेव्हा गटारे तुंबण्याच्या कारणांत या पिशव्यांचाही वाटा होता. त्यानंतर २००६ साली राज्यात ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांस मनाई झाली आणि २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने हातपिशव्यांवर बंदीच आली. असे असूनही आठवडी बाजारात ही पिशवी दिसतेच. कारण गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येते व विक्रेत्याकडे पिशवी मागते.

एका घराचा हिशेब करून पाहावा. आठवड्याच्या बाजारातून पाच पिशव्या घरी आल्या, तर वर्षाच्या ५२ बाजारांत २६० पिशव्या होतात. दोनशे उंबऱ्यांच्या गावात हाच आकडा ५२,००० वर जातो. यांतील बहुतेक तासा-दोन तासांच्या उपयोगानंतर उकिरड्यावर पडतात.

पिशवी कशाची असावी ?

जुने लुगडे, धोतर किंवा चादर यांची दुहेरी शिवणीची पिशवी सर्वांत उत्तम. नवे कापड आणून पिशव्या शिवणे व त्या खुंटीला टांगून ठेवणे यात काही लाभ नाही. कापूस पिकविण्यास पाणी, खत व मेहनत लागते, हे कापूस उत्पादकास सांगावयास नको. पिशवी वर्षानुवर्षे वापरली, तरच तिचे चीज होते. दही, मासे व मटण यांसाठी झाकणाचा डबा न्यावा. खताच्या रिकाम्या पोत्याची पिशवी मजबूत होते; परंतु तिच्यात खाण्याचा जिन्नस कधीही भरू नये.

जे प्लास्टिक घरात आहे, त्याचे काय ?

हातात असलेली पिशवी धुऊन पुन्हा पुन्हा वापरावी. निकामी झालेली पिशवी धुऊन, वाळवून वेगळ्या पोत्यात साठवावी. पुनर्वापराच्या कारखान्यात प्लास्टिक निवडून, धुऊन, वितळवून त्याचे दाणे करतात व दाण्यांपासून नवी वस्तू घडवितात. मातीने व खरकट्याने माखलेला माल यास चालत नाही. शिवाय पातळ पिशव्यांचे किलोभर वजन होण्यास शेकडो पिशव्या लागत असल्याने भंगारवाला त्या सहसा घेत नाही. तेव्हा पुनर्वापर हा शेवटचा उपाय समजावा, पहिला नव्हे.

शेतातील प्लास्टिकलाही हाच नियम लावावा. रोप लावताना त्याची पिशवी कापून काढावी व गोळा करावी. आच्छादनाचा कागद पीक निघताच उचलावा. तो नांगराखाली घालू नये. ठिबकच्या जुन्या नळ्या वेगळ्या ठेवाव्यात. बांधावर प्लास्टिक जाळणे सर्वथा वर्ज्य आहे. त्याचा धूर विषारी असतो व नळांच्या पीव्हीसीचा तर विशेषच.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागातील दुसऱ्या टप्प्यात, २०२० पासून, तालुक्यास एक प्लास्टिक कचरा केंद्र उभारण्याची तरतूद झाली. आपल्या तालुक्याचे केंद्र कोठे आहे व तेथे माल केव्हा पोहोचवावयाचा, याची माहिती पंचायत समितीकडून घ्यावी. गावात एक कोरडी जागा ठरवून घरोघरची पोती तेथे जमवावीत. पिशव्या शिवण्याचे काम बचत गटास मिळवून द्यावे. उकिरड्यास कूड घालण्याचा आग्रह धरावा. मात्र भाषण देण्यापूर्वी कार्यकर्त्याच्या स्वतःच्या हाती कापडी पिशवी असावी.

येत्या बाजाराच्या दिवशी घराबाहेर पडताना पिशवी आठवणीने घ्यावी. ती दाराच्या खुंटीवर ठेवली, म्हणजे विसरत नाही. आणि उरलेले अन्न पिशवीत बांधून उकिरड्यावर टाकण्याऐवजी मोकळेच गाईपुढे ठेवावे, पण बेताने. कारण फार शिळे अन्न एकदम दिल्यासही पोट बिघडते. एवढी काळजी घेतली, तर गोठ्यातील गाय वाचेल आणि जमीनही पुढच्या पिढीच्या हाती स्वच्छ जाईल.