कोडआधी आकृती

महाडच्या बाजारपेठेला पूर नवा नाही. महाबळेश्वर-पोलादपूरच्या डोंगरात पाऊस कोसळला की सावित्री नदी फुगते. त्यात बाणकोट खाडीला भरती असली की पाण्याचा निचरा खोळंबतो. अशा गावासाठी पुराचा इशारा देणारे मोबाइल अ‍ॅप करायचे, तर सुरुवात कोडपासून नव्हे, आकृतीपासून व्हायला हवी.

सॉफ्टवेअरच्या आराखड्यासाठी आकृत्यांची प्रमाण भाषा आहे: युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज, म्हणजे यूएमएल. पूर्वी ज्याची त्याची चिन्हे वेगळी असत. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन यांनी आपापल्या पद्धती एकत्र आणल्या आणि १९९७ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने ही भाषा प्रमाण म्हणून स्वीकारली. अ‍ॅप कोण कशासाठी वापरणार, हे ‘यूज केस’ आकृती दाखवते. कोणता निरोप कोणाकडून कोणाकडे, कोणत्या क्रमाने जाणार, हे ‘सीक्वेन्स’ आकृती.

आपल्या अ‍ॅपसाठी सर्वांत मोलाची ‘स्टेट मशीन’ आकृती. तीन चौकटी काढा: सामान्य, इशारा, धोका. त्यांना बाणांनी जोडा आणि प्रत्येक बाणावर अट लिहा: ‘पाणी इशारा पातळीवर’, ‘पाणी धोका पातळीवर’, ‘पाणी ओसरले’. आता विचारा, नदीवरच्या मापकाकडून नोंदच आली नाही तर? जुलै २०२१ च्या महापुरात महाडची वीज गेली होती, मोबाइल संपर्क तुटला होता. तशा वेळी हे अ‍ॅप शेवटची ‘सामान्य’ नोंदच दाखवत राहील आणि दुकानदार माल माळ्यावर चढवणार नाही. म्हणून चौथी चौकट हवी: ‘माहिती नाही’. तिन्ही चौकटींतून तिच्याकडे बाण हवा आणि तिथे पोहोचताच नियंत्रण कक्षाला कळले पाहिजे, भोंगा वाजवायचा की नाही हे माणसाने ठरवले पाहिजे.

ही उणीव हजारो ओळींच्या कोडमध्ये सहज दडते. कागदावर मात्र ती तलाठ्याला, व्यापाऱ्याला, नदीकाठच्या शेतकऱ्यालाही दिसते. आकृतीचे खरे बळ इथे आहे. कोड बदलला की आकृतीही बदलावी लागते, नाहीतर तीच दिशाभूल करते. म्हणून आकृत्या मोजक्याच काढाव्यात, पण नेमक्या.

महाडजवळ लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. असे अ‍ॅप करणाऱ्या तिथल्या विद्यार्थ्यांनी आपली आकृती परीक्षकाआधी महाडच्या बाजारात दाखवावी. पूर पाहिलेली माणसे तिच्यातली राहिलेली चौकट नक्की दाखवून देतील.