नोंदवहीपर्यंत न पोहोचलेला कर्करोग

कर्करोगाच्या आकडेवारीत रुग्ण येतो तो निदान झाल्यावरच. त्यासाठी गाठीचा तुकडा काढणारा डॉक्टर लागतो, तो तपासणारी प्रयोगशाळा लागते आणि तिथवर जाण्याची ऐपत लागते. विकसनशील देशांतल्या एखाद्या भागात कर्करोग कमी दिसला, तर आजार कमी आहे की तपासणी, हे आधी पाहावे लागते.

भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीसारख्या तालुक्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याच्या गालातला न भरणारा व्रण बॅटरीच्या उजेडातही दिसतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे तसे नाही. त्याला सीटी स्कॅन आणि बायोप्सी लागते, म्हणजे बहुधा नागपूर गाठावे लागते. जो तिथे पोहोचत नाही, तो ‘कावीळ होऊन गेला’ एवढेच गावाच्या लक्षात राहते. खर्रा घातक आहे यात शंका नाही. पण ग्रामीण आकड्यांत तोंडाचा कर्करोग ठळक आणि पोटातले फिकट दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे. उपचारासाठी शहरातल्या नातेवाइकाचा पत्ता दिला, तर गावचा रुग्ण शहराच्या खात्यात जाण्याचीही शक्यता असते.

रुग्णालयाची नोंदवही फक्त दारात आलेल्यांना मोजते. ठरावीक भागातल्या सर्व रहिवाशांमधले रुग्ण शोधणारी देशातली पहिली नोंदणी 1963 मध्ये मुंबईत सुरू झाली. ग्रामीण भागात ती यायला 1987 उजाडले. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. तिथे रुग्ण येण्याची वाट पाहून भागणार नव्हते. कार्यकर्ते गावोगाव फिरले, लक्षणे समजावून सांगत राहिले. पुढे गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण वाढले.

याच पट्ट्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, 1999 पासून 30 ते 59 वयाच्या सुमारे 1,31,000 स्त्रियांवर झालेला अभ्यास फार बोलका आहे. चार गटांपैकी एकाची एकदाच एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत विषाणूची, चाचणी झाली, दुसऱ्या एकाला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली. आठ वर्षांत पहिल्या गटात 127 आणि दुसऱ्यात 118 कर्करोग आढळले. दुसऱ्या टप्प्याचे किंवा त्यापुढचे मात्र पहिल्यात 39, दुसऱ्यात 82. मृत्यू 34 आणि 64. हे दोन्ही गट जवळपास सारख्याच आकाराचे होते. नुसती रुग्णसंख्या पाहणाऱ्याला दोन्हींकडचा आजार सारखाच वाटला असता.

तपासणी वाढली की उलटही घडते. दक्षिण कोरियात सोनोग्राफी सर्रास होऊ लागल्यावर थायरॉइड कर्करोगाचे निदान 1993 ते 2011 या काळात पंधरापट झाले. त्याने होणारे मृत्यू जवळपास तेवढेच राहिले.

म्हणून जाणकार रुग्णसंख्येसोबत आणखी दोन गोष्टी पाहतात: किती निदाने सूक्ष्मदर्शकाखाली पक्की झाली आणि रुग्णांच्या तुलनेत मृत्यू किती. सेवा तोकडी असलेल्या भागांत हे दुसरे प्रमाण सहसा चढे असते, कारण तिथे आजार उशिरा सापडतो. मात्र मृत्यूचे वैद्यकीय कारणच नोंदले गेले नाही, तर तेही फसवे ठरते.