अल्प खर्चाचे मोबाइल-ॲप : कल्पनेपासून पेरणीपर्यंत

पेरणीयंत्र गावात असते. परंतु ते कोणाकडे आहे आणि केव्हा मोकळे होणार आहे, हे गरजू शेतकऱ्यास ठाऊक नसते. हा अनुभव खरीप हंगामात अनेक गावांत येतो. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यानंतर, जमिनीत योग्य वाफसा आला म्हणजे करावयाची असते आणि शक्यतो १५ जुलैपूर्वी ती आटोपावयाची असते. वाफसा कोणाची वाट पाहत नाही. अशा वेळी एका शिवारात रुंद वरंबा-सरीचे पेरणीयंत्र दोन दिवस उभे राहते आणि शेजारच्या शिवारातील शेतकरी त्याच यंत्रासाठी चार घरे फिरतो. ही अडचण दूर करण्यासाठी मोबाइलवर चालणारे एखादे ॲप तयार करावे, अशी कल्पना गावोगावच्या शिकलेल्या तरुणांच्या मनात येते. ती योग्यही आहे. तथापि कल्पना सुचणे आणि तिचा शेतकऱ्यास उपयोग होणे यांमध्ये जे टप्पे आहेत, ते माहीत नसल्यामुळे पैसा व हंगाम दोन्ही वाया जाण्याचा संभव असतो. सबब हे काम थोड्या खर्चात, थोड्या मुदतीत आणि शासकीय साहाय्याचा योग्य लाभ घेऊन कसे करावे, याची माहिती येथे देत आहोत.

शासकीय साहाय्याचे स्वरूप

राष्ट्रीय कृषी विकास योजनेखाली केंद्र शासनाने २०१८-१९ साली कृषी क्षेत्रातील नवउद्योजकांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी ५ ज्ञान-भागीदार संस्था आणि २४ कृषी-व्यवसाय इन्क्युबेशन केंद्रे निवडण्यात आली. महाराष्ट्रातील अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि मुंबई येथील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था यांचा या केंद्रांत समावेश झाला. अंडी उबविण्याच्या यंत्रात ज्याप्रमाणे पिलास बाहेर येईपर्यंत ऊब मिळते, त्याप्रमाणे नव्या उद्योगास स्वतःच्या पायांवर उभे राहीपर्यंत मार्गदर्शन, जागा व द्रव्यसाहाय्य देणे, हे अशा केंद्राचे कार्य होय.

या कार्यक्रमाने साहाय्याचे तीन टप्पे ठरविले. पहिल्यात दोन महिन्यांचे प्रशिक्षण व दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन. दुसऱ्यात, म्हणजे कल्पनेच्या अवस्थेत, ५ लाख रुपयांपर्यंत साहाय्य. आणि तिसऱ्यात, म्हणजे कल्पना वापरात आल्याचे दिसल्यानंतर, २५ लाख रुपयांपर्यंत साहाय्य. दुसऱ्या टप्प्यात ९० टक्के रक्कम अनुदान व १० टक्के स्वतःचा हिस्सा, तर तिसऱ्यात ८५ टक्के अनुदान व १५ टक्के स्वतःचा हिस्सा असे प्रमाण राहिले. उदाहरणार्थ, २,००,००० रुपये खर्चाचा प्रस्ताव कल्पनेच्या टप्प्यावर मंजूर झाल्यास १,८०,००० रुपये अनुदान आणि २०,००० रुपये अर्जदाराचे, असा हिशेब होतो. पात्रता, नोंदणी व मुदत यांच्या अटी प्रत्येक वेळच्या जाहिरातीत दिलेल्या असतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाची जाहिरात मागवून ती पूर्ण वाचावी आणि शंका असल्यास केंद्राकडे विचारणा करावी.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. २०,००० रुपयांत २ लाखांचे काम होते, एवढ्यावरून ते काम स्वस्त ठरत नाही. उरलेले १,८०,००० रुपये जनतेचे आहेत. शिवाय ॲप निरुपयोगी ठरले, तर शेतकऱ्याचा विश्वास जातो. आणि तो पुन्हा मिळविण्यासाठी कोणतेही अनुदान नाही.

प्रथम वही, नंतर ॲप

बी पेरण्यापूर्वी उगवणशक्ती तपासण्यासाठी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवतात. ॲपच्या कल्पनेचीही अशीच उगवण-चाचणी घेता येते व तीस जवळजवळ काहीच खर्च येत नाही. हरभऱ्याच्या मळणीचा काळ यासाठी सोयीचा आहे. गावातील मळणीयंत्रांच्या मालकांची संमती घेऊन एका वहीत चार रकाने आखावेत : मागणी कोणी व केव्हा केली, क्षेत्र किती, यंत्र केव्हा मिळाले, आणि न मिळाल्यास का मिळाले नाही. मागणी फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर घ्यावी व एका तरुणाने ती वहीत उतरवून मालकास कळवावी.

तीन आठवड्यांच्या नोंदींवरून मुख्य प्रश्नाचे उत्तर मिळते. यंत्रे रिकामी असूनही मागणी करणाऱ्यास कळले नाही, अशा नोंदी पुष्कळ असतील, तर उणीव माहितीची आहे व ॲपचा उपयोग होईल. उलट सर्व यंत्रे दिवसभर कामात असूनही मागणी शिल्लक राहत असेल, तर उणीव यंत्रांची आहे. समजा, एका यंत्राने दिवसात १० एकर पेरणी होते व वाफसा ५ दिवस टिकतो; तर ४ यंत्रांनी २०० एकर पेरणी होईल. गावाची गरज ५०० एकरांची असल्यास कितीही उत्तम ॲप केले तरी ३०० एकर मागेच राहतील. अशा गावाने ॲपच्या मागे न लागता अवजार बँकेचा प्रस्ताव करणे हिताचे होय. तसेच केंद्र शासनाने भाड्याच्या कृषियंत्रांसाठी २०१९ साली स्वतःचे ॲप काढलेले आहे. त्यासारखी उपलब्ध साधने प्रथम वापरून पाहावीत आणि त्यांतून कोणती गरज भागत नाही हे वहीवरून दाखवावे. हीच वही पुढे अनुदानाच्या अर्जास सर्वांत भक्कम पुरावा ठरते.

लहानात लहान उपयोगी रूप

ॲप लवकर तयार करण्याचे रहस्य भराभर काम करण्यात नसून थोडे काम निवडण्यात आहे. पहिल्या हंगामासाठी तीन कामे पुरेशी आहेत : मालकाने यंत्र मोकळे असल्याचे कळविणे, शेतकऱ्याने दिवस व क्षेत्र नोंदविणे आणि दोघांना निश्चितीचा संदेश जाणे. बाजारभाव, हवामान, पीकसल्ला व कर्ज यांची भर पहिल्या वर्षी घालू नये. एकाच वाफ्यात दहा पिके लावल्यास एकाचीही निगा राहत नाही. भाड्याची रक्कमही आरंभी ॲपमधून न घेता रोखीने अथवा यूपीआयने थेट मालकास द्यावी. त्यामुळे रचना बरीच सोपी होते.

ग्रामीण परिस्थितीमुळे काही गोष्टी मात्र प्रारंभापासूनच हव्यात. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय ठेवण्यात आली. प्रत्येक घरी चांगला फोन असेलच असे नाही, हे त्यामागील तत्त्व आपणही स्वीकारावे. शिवारात नेटवर्क नसल्यास नोंद फोनमध्ये राहावी व नेटवर्क मिळताच पुढे जावी. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांची मागणी गावातील कार्यकर्त्याने नोंदवावी. मजकूर मराठीत, अक्षरे मोठी व शब्द गावातले असावेत. ‘पेरणीयंत्र हवे’ असे लिहिलेले बटण कोणासही समजते.

मुदतीचे वेळापत्रक

हे काम शेतीच्या दिनदर्शिकेस बांधावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये वहीची चाचणी घ्यावी व अनुदानाचा अर्ज त्या वर्षाच्या मुदतीप्रमाणे करावा. मंजुरीस लागणारा काळ आपल्या हाती नसल्यामुळे पहिला हंगाम वही व फोन यांवर काढावा लागला तरी हरकत नाही. मंजुरी मिळाल्यावर एप्रिलच्या आरंभी रचना कागदावर काढून दहा शेतकऱ्यांना दाखवावी आणि एप्रिल-मे या आठ आठवड्यांत ॲप तयार करून घ्यावे. मेमध्ये नांगरणी व रोटाव्हेटरच्या कामांवर त्याची परीक्षा होऊ शकते. गूगल प्ले या भांडारात ॲप ठेवण्यासाठी एकदाच २५ अमेरिकी डॉलर शुल्क पडते. नव्या वैयक्तिक खात्यास सर्वांसाठी ॲप खुले करण्यापूर्वी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करवून घ्यावी लागते. हे दोन आठवडे हिशेबात न धरल्यास मृग निघून जातो व ॲप अडकून राहते.

कराराविषयी सावधगिरी

ॲप बहुधा बाहेरच्या प्रोग्रामरकडून करून घेतले जाते. पैसे दिले म्हणजे ॲप आपले झाले, हा समज बरोबर नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या प्रोग्रामरने लिहिलेल्या संगणक-लेखनाचा हक्क लेखी हस्तांतराखेरीज सामान्यतः त्याच्याकडेच राहतो. हस्तांतराची मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. म्हणून पुढील बाबी करारात स्पष्ट असाव्यात :

१. संपूर्ण हक्काचे हस्तांतर, त्याची मुदत व क्षेत्र.
२. मूळ संगणक-लेखनाची प्रत प्रत्येक हप्त्याच्या वेळी ताब्यात मिळणे.
३. गूगल प्ले, सर्व्हर व संदेशसेवा यांची खाती गटाच्या किंवा कंपनीच्या नावे असणे.
४. काम दाखविल्यानंतरच हप्ता देणे व शेवटचा हप्ता शिवारातील चाचणीनंतर देणे.
५. एका हंगामापर्यंत दोषदुरुस्तीची जबाबदारी.

शेतकऱ्यांच्या माहितीबद्दलही दक्षता बाळगावी. नाव, फोन, गाव व क्षेत्र एवढी माहिती पुरेशी असता आधार क्रमांक किंवा बँक खाते मागू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभा संमती हा आहे. माहिती कशासाठी घेतली जाते हे शेतकऱ्यास त्याच्या भाषेत सांगावे आणि ती कोणत्याही खत अथवा औषध विक्रेत्यास देऊ नये.

अनुदान संपल्यानंतर

अनुदानाने विहीर खोदून मिळते, परंतु मोटेचा खर्च रोजचा असतो. समजा, सर्व्हर, संदेश, किरकोळ दुरुस्ती व कार्यकर्त्याचे मानधन मिळून वार्षिक खर्च ३६,००० रुपये आहे आणि प्रत्येक नोंदणीमागे यंत्रमालक ३० रुपये देण्यास तयार आहे. तर खर्च भागण्यास वर्षात १,२०० नोंदणी हव्यात. वरील उदाहरणातील ४ यंत्रे पेरणीच्या काळात २०० एकर काम करतात. सरासरी नोंदणी २ एकरांची धरल्यास ती केवळ १०० होतात. अर्थात एका गावापुरते हे ॲप पेरणीवर तगणार नाही. त्यास एक तर अशी बारा गावे एकत्र हवीत, अथवा नांगरणी, फवारणी, मळणी अशी वर्षभराची कामे जोडावयास हवीत. हा हिशेब अर्जापूर्वी मांडावा. तो जुळत नसेल, तर वही व फोन यांवरच काम चालू ठेवण्यात कमीपणा नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

कार्यकर्त्यांनी आपल्या कार्यक्षेत्रातील होतकरू तरुणांना ही माहिती द्यावी, वहीच्या नोंदी ठेवण्यास साहाय्य करावे व शेतकरी उत्पादक कंपनी किंवा गट यांच्याशी त्यांची गाठ घालून द्यावी. ॲप किती जणांनी फोनवर घेतले, यापेक्षा किती एकर पेरणी वाफशावर झाली, याची नोंद त्यांनी पाहावी. विशेषतः ज्याच्याकडे दोन एकर जमीन व साधा फोन आहे, त्या शेतकऱ्याची पाळी यादीत मागे पडत नाही ना, याकडे त्यांचे लक्ष असावे. मोठ्या क्षेत्राचे काम मालकास सोयीचे असते. म्हणून लहान खातेदारांसाठी दररोज काही वेळ राखून ठेवण्याचा नियम गटाने हंगामापूर्वीच ठरवावा आणि तो ॲपमध्ये घालून घ्यावा.