देव नसलेल्या धर्माचा कर

 एका वाचकाच्या पत्रातला प्रश्न मला बाजूला ठेववेना: देव नाही, प्रार्थना नाही, तर मग नीतीलाच केंद्र मानणाऱ्या एथिकल कल्चर चळवळीने स्वतःला धर्म म्हणवून घ्यायचंच कशाला? नुसती संस्था काढली असती तर काय बिघडलं असतं?

हाच वाद दोन देशांच्या कोर्टांत झाला. निमित्त साधंच होतं, कराचं.

वॉशिंग्टनच्या एथिकल सोसायटीने आपल्या इमारतीवरचा कर माफ करून मागितला. नियमितपणे सार्वजनिक उपासना होणाऱ्या वास्तूलाच ती सवलत होती. कर-न्यायालयाने नकार दिला. 1957 मध्ये अपील कोर्टाने तो फिरवला. निकाल लिहिला वॉरन बर्गर यांनी, जे पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. कोर्टाने पाहिलं ते एवढंच, की ही माणसं दर रविवारी जमतात. त्यांचा 'लीडर' प्रवचन देतो, बाळाचं नाव ठेवतो, लग्न लावतो, माणूस गेला की अंत्यविधीला उभा राहतो. मुलांची रविवारची शाळा भरते. एखाद्या गावच्या चर्चमध्ये याहून वेगळं काय चालतं?

लंडनची गोष्ट उलटी. साउथ प्लेस सोसायटी 1793 सालची, मुळात बंडखोर ख्रिस्ती मंडळींची. पुढे त्यांनी देव सोडला, रविवार मात्र सोडला नाही. रेड लायन स्क्वेअरमधल्या त्यांच्या कॉन्वे हॉलमध्ये व्याख्यानं आणि संगीताच्या मैफली होत. 1980 मध्ये न्यायमूर्ती डिलन यांनी निकाल दिला, की धर्माचा संबंध माणूस आणि देव यांच्याशी, नीतीचा माणूस आणि माणूस यांच्याशी. म्हणून हा धर्म नव्हे. धर्मादाय संस्थेचा दर्जा त्यांना मिळाला, पण शिक्षणाचं काम करते म्हणून.

माझं मत अमेरिकन कोर्टाच्या बाजूचं आहे. मयताच्या घरी कोण धावून येतं, यावरून समाज ओळखावा. मनात कोणती श्रद्धा आहे हे तपासायला कोर्टाकडे साधन तरी कुठलं?

डिलनसाहेबांची खरी अडचण झाली ती बौद्ध धर्मापाशी. तिथे देव नाही, तरी त्याला धर्म नाही कसं म्हणायचं? बौद्ध धर्म हा कदाचित अपवाद मानावा, एवढं म्हणून ते पुढे गेले. मराठी वाचकाला हे पटणं कठीण आहे. बाबासाहेबांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' प्रसिद्ध झाला तोही 1957 मध्येच, त्यांच्या निधनानंतर. त्यात त्यांनी नेमकी हीच रेघ ओढली आहे: धम्म म्हणजे माणसाने माणसाशी कसं वागावं. पण डिलन त्या रेघेवरून जिथे पोचले, तिथे बाबासाहेब पोचले नाहीत. त्या रेघेच्या अलीकडे, देवाविना, त्यांनी नीतीलाच पवित्र मानलं आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखोंना दीक्षा दिली, 22 प्रतिज्ञांसह.